पडद्याआडचा तंबोरा

१० सप्टेंबर १९७८, रविवार

भैय्याजी आज जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे माझा राग शिळा होणार नाही.

भैय्याजी धरमपेठेतल्या संगीत सभेचे चिटणीस. धंद्याने वकील. मी आमच्या श्रवण मंडळासाठी सभेच्या बैठकांना जागा मागायला गेलो होतो. त्यांना सगळं नीट सांगितलं. वाडीच्या पुढे आमची कापड गिरणी आहे. तिच्या साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे, मी आणि माझे सोबती माग चालवतो. रविवारी त्यातले वीस-पंचवीस जण माझ्या खोलीत जमतात आणि रेडिओवर, रेकॉर्डवर रागदारी ऐकतात. मंडळाने आपला तंबोरासुद्धा घेतला आहे.

भैय्याजी चष्मा पुसत म्हणाले, "या की. जागा देऊ, पण शेवटच्या रांगेत. राग मानू नका महादेवराव, दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहिलेल्या कानाला श्रुती काय कळणार? भजनाची गोष्ट वेगळी."

मी उठून उभा राहिलो. बसून मला राग नीट येत नाही. म्हणालो, कान जन्माने मिळत नाही आणि पगारानेही मिळत नाही. कान कमवावा लागतो. तुमच्या पहिल्या रांगेतले लोक गवयाचं नाव ऐकतात, त्याची शाल ऐकतात, त्याचे हातवारे ऐकतात. त्यांचे डोळे तेवढे झाका, मग पाहू किती ऐकू येतं. लावा मधे पडदा. आणि गाणं रंगात आलं की तंबोरा थांबवा. ज्याला कळेल त्याने हात वर करावा. गिरणीच्या बाजूने मी स्वतः पहिल्या रांगेत बसतो.

हे सगळं मी आधी ठरवलं नव्हतं. माझी चांगली वाक्यं अशीच येतात. भैय्याजी हसले आणि म्हणाले, "लावू की. दिवाळीच्या आधीच लावू."

परतताना वाडीच्या नाक्यावर एक ट्रक अंगावर येता येता राहिला. हॉर्न वाजवायची तसदीही हे लोक घेत नाहीत. क्लीनर खिडकीतून तोंड वासून काहीतरी बडबडत गेला.

१२ सप्टेंबर

मंडळापुढे करायच्या भाषणाची टिपणं.

स्वर एकटा असा नसतोच. गांधार म्हणजे काय? षड्जापासून इतक्या अंतरावर उभा असलेला स्वर. षड्ज हलला की गांधाराचं नाव बदलतं, तो जागचा हलला नसला तरी. मारवा, पूरिया, सोहनी, तिघांचे स्वर तेच. पण मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो, षड्जाला बगल देतो, म्हणून तो घर सोडून निघालेल्या माणसासारखा वाटतो. पूरिया गांधार-निषादावर विसावतो. सोहनी वरच्या षड्जाजवळच घोटाळत राहते. घर तेच, कोण कोणत्या खोलीत बसतो एवढाच फरक. आणि ते घर उभं असतं तंबोऱ्यावर. ज्याला तंबोरा ऐकू येत नाही तो गाणं ऐकत नाही, नुसती करमणूक करून घेतो. (हे वाक्य शेवटी घ्यावं.)

खर्जाच्या तारेतून आपोआप गांधार निघतो, तो कुणी छेडलेला नसतो. ही गोष्ट मी वीसेक वर्षांपूर्वी पुस्तकात वाचली आणि त्याच आठवड्यात कानाने पडताळून पाहिली होती. तो आनंद अजून अंगात आहे.

१४ सप्टेंबर

या वर्षी रातकिडे नाहीत. बाहेर ओट्यावर बसलो तर सगळं चिडीचूप. लहानपणी आमच्या काटोलकडच्या शिवारात या दिवसांत रातकिड्यांपायी बोलणं कठीण व्हायचं. कपाशीवर वाट्टेल ती औषधं मारतात, त्याचं हे फळ. आज किडे मेले, उद्या पाखरं, परवा माणसं. यावर एकदा जाहीर बोललं पाहिजे.

१७ सप्टेंबर, रविवार

मंडळ जमलं. भाषण चांगलं झालं. पण तंबोऱ्याने घात केला. त्याची जवारी पार गेली आहे. तारेखाली सुताचा दोरा असतो, तो नेमक्या जागी सरकवला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून झंकार फुलतो, ती जवारी. मी दोरा तासभर पुढेमागे केला. आवाज आपला सुतळी ताणून छेडावी तसा.

इतवारीच्या दुकानात नेला. दुकानदाराने छेडला, डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाला, "बढिया बोल रहा है, साहब." गिऱ्हाईक गिरणीवालं दिसलं की हे लोक असंच करतात. मी त्याला दोन गोष्टी सुनावून परत आणला.

घरी माझ्या बायकोने, गोपिकेने, छेडून पाहिला. मंडळात तंबोरा छेडण्याचं काम तिचंच, कारण पुरुषांची बोटं मागावरच्या धोट्याने राठ झालीत. मी म्हटलं, "पाहा, मेला आहे की नाही?" ती बराच वेळ छेडत राहिली, मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमी म्हणता तर असंल."

चंपत मात्र माझ्या बाजूचा. हा चंपतराव माझ्याच गावचा, माझ्याच पाळीत, माझ्या शेजारच्या मागावर. तो म्हणाला, "महादेवा, ते झणझण मले तं कवाचीच येत नाही गा. मले वाटे, तंबोराच तसा असन."

"मग आधी बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तं तू भाषण देल्लं असतं."

२७ सप्टेंबर

चंपतला कामावरून घरी बसवलं.

घडलं ते असं. दुपारच्या पाळीत त्याच्या मागाचा पट्टा तुटायला आला होता. सुपरवायझर गिरिधर पाठीमागून ओरडला, माग बंद कर. चंपत वळला नाही. गिरिधर तीनदा ओरडला म्हणतात. पट्टा तुटून उडाला, ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, अख्खा रूळ फाटला. नशीब की कुणाला लागलं नाही. आता आरोप असा की त्याने मुद्दाम हुकूम मोडला. चौकशी होणार. सिद्ध झालं तर नोकरी जाणार.

मी युनियनचा सेक्रेटरी. बचाव मीच करायचा. गेटवर अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. प्रयागबाई, चंपतची बायको, भिंतीला टेकून उभी होती. तिने टाळी वाजवली नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

आज मंडळाऐवजी भांडण झालं. चंपत आणि प्रयागबाई आले होते.

मी बचाव समजावून सांगितला. गिरिधर ओरडलाच नाही, असं म्हणायचं. साक्षीदार आपले आहेत.

चंपत म्हणाला, "पण तो वरडला असन गा. मलेच आयकू नाही आलं. तेच सांग नं त्याईले. मले आयकू येत नाही."

"साळखात्यात कुणालेच ऐकू येत नाही. तिथे आपण ओठांनी बोलतो."

"साळखात्याचं नाही म्हणून राहिलो. घरी बी नाही येत."

प्रयागबाई म्हणाली, "भाऊजी, मागच्या वर्षापासून मी यायले हाताले धरून बोलते. मांगून आवाज देल्ला तं भिंतीले देल्ल्यासारखा."

मी दोघांनाही गप्प केलं. बोललो ते कठोर होतं, पण खरं होतं, आणि आताही मला तसंच वाटतं. एकदा आपण लिहून दिलं की हा माणूस बहिरा आहे, तर गिरणी म्हणेल, मग कामाला नालायक आहे. आज चंपत, उद्या अख्खं खातं. आणि धरमपेठेत भैय्याजी काय म्हणतील? की बघा, त्यांच्या तोंडानेच आलं. मजुराला कान नाही. यासाठी का मी इतकी वर्षं या लोकांना मारवा आणि पूरिया शिकवला?

चंपत उठला. दारात थांबून म्हणाला, "तुह्या मारव्यापायी माही नोकरी चालली महादेवा."

गोपिका तेव्हा चुलीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. हिला एक खोड आहे. कामात असली की तोंडातल्या तोंडात बोलते. मी नेहमी सांगतो, स्पष्ट बोलत जा. मग ती हातातलं टाकून उठते, माझ्या समोर येऊन उभी राहते आणि तेच परत बोलते. आता तशी उभी राहून म्हणाली, "चंपतभाऊ खोटं नाही बोलत."

मी म्हटलं, खोटं कोण म्हणतं? पण प्रत्येक खरं बोलायचं नसतं.

हे वाक्य लिहिताना मला आवडलं नाही. तरी राहू देतो.

११ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला चंपतकडे गेलो. त्याने घेतलं, दिलं, पण बसा म्हटलं नाही.

बातमी कळली. गिरणीने चौकशीसाठी बाहेरचा वकील नेमला आहे. भैय्याजी. म्हणजे तोच माणूस पडद्याच्या दिवशीही समोर आणि चौकशीच्या दिवशीही समोर. बरं झालं. आधी पडद्यापुढे जिंकतो, मग टेबलापुढे.

१५ ऑक्टोबर, रविवार

सराव केला. गोपिकेला समोर बसवून तंबोरा छेडायला लावला, शेजारी रेडिओवर गाणं. तिला सांगितलं, मनाला येईल तेव्हा थांब. ती जितक्या वेळा थांबली तितक्या वेळा मी त्याच क्षणी हात वर केला. एकदाही चूक नाही. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"कसं?" मी म्हटलं.

"चांगलं," ती म्हणाली. मग तंबोरा खाली ठेवत, "तिथं पडदा राहीन नं?"

"मग?"

"काही नाही."

बायकांना आपल्या माणसाची उगाच काळजी.

२२ ऑक्टोबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण न लिहिलं तर उद्या मी यालाही काहीतरी स्पष्टीकरण शोधून काढीन. माझ्यापाशी शब्द फार आहेत.

सभागृह भरलं होतं. आमची माणसं शेवटच्या रांगांत, धुतलेले शर्ट घालून. गोपिका त्यांच्यात. चंपत आला नव्हता. रंगमंचावर मळखाऊ रंगाचा मोठा पडदा. पडद्याआड शोभाताई गाणार, त्यांची शिष्या तंबोऱ्यावर. भैय्याजींनी नियम सांगितला. तो मीच केलेला होता. गाणं चालू राहील, तंबोरा थांबेल. कळेल त्याने हात वर करावा.

मी पहिल्या रांगेत, मधोमध. मला भीती शिवलीसुद्धा नाही.

पहिला लांब गांधार लागला आणि मी शेजारच्या गृहस्थाला म्हटलं, पूरिया. त्याने कौतुकाने पाहिलं. शोभाताईंचा आवाज भरदार आहे. गांधारावरून त्या मंद्र निषादावर उतरल्या, तिथे थांबल्या. खाली तंबोरा असा भरून वाहत होता की मला आमच्या तंबोऱ्याची लाज वाटली. जवारी म्हणतात ती ही. मी डोळे मिटले. मान आपोआप डोलू लागली. मनात आलं, आता थांबवतील, थांबवला की ही जमीन पायाखालून जाईल, आणि मी हात वर करीन. मी वाट पाहत होतो. तंबोरा वाहतच होता.

मग शेजारी काहीतरी हललं म्हणून डोळे उघडले. त्या गृहस्थाचा हात वर होता. पलीकडच्या बाईंचा वर होता. मी मागे वळून पाहिलं. सभागृह हातांनी भरलं होतं. पार मागे, आमच्या माणसांत, हात थोडेच होते. ज्यांचे नव्हते ते माझ्याकडे पाहत होते, की महादेव काय करतो ते पाहून आपण करू. त्या सगळ्यांत गोपिकेचा हात मात्र वर होता, आणि तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

मी समोर पाहिलं. आणि देवाशपथ सांगतो, देव मानत नसूनही सांगतो, मला तंबोरा तेव्हाही ऐकू येत होता.

पडदा बाजूला केला. ती मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती. तंबोरा तिच्या खांद्याला टेकून गप्प. मी तारांकडे पाहिलं आणि त्याच क्षणी माझ्यातला तंबोरा थांबला.

भैय्याजी माईकशी होते. आता ते बोलणार, आणि बोलले असते तर तो त्यांचा हक्क होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माईकमध्ये म्हणाले, "प्रयोग इथे संपला. शोभाताई, पडद्याशिवायच पुढे चालू द्या." एवढंच.

त्यांनी मला का सोडलं, मला कळलं नाही. कदाचित चौकशीसाठी राखून ठेवलं असेल.

२३ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही.

गोपिकेला विचारलं, "रातकिडे आहेत का गं?"

ती समोर येऊन बसली. "हायेत नं. औंदा तं भलतेच होते."

"तुले कवापासून माहीत आहे?"

"लई दिवस झाले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? तुमी त्या कानाचंच भाषण देत होते."

 

२९ ऑक्टोबर, रविवार

सहा दिवस विचार करतो आहे. साळखात्यात आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो. नव्या माणसाला ते यायला वर्ष लागतं, मग ते इतकं अंगवळणी पडतं की आपण वाचतो हे आपल्यालाच कळत नाही. घरी, बाजारात, सभेत, मी सगळीकडे तेच करत होतो. समोरच्याचे ओठ हलले की शब्द माझ्या कानात उमटत. बोटं तारेवर हलली की तंबोरा उमटे. ज्याचं तोंड दिसत नव्हतं तो माझ्या लेखी पुटपुटत होता. ट्रकवाला हॉर्न वाजवत नव्हता. दुकानदार लबाड होता. किडे मेले होते.

लोक डोळ्यांनी ऐकतात, असं मी भैय्याजींना सुनावलं होतं. खरंच होतं ते. फक्त मी पहिल्या रांगेचं वर्णन करत नव्हतो.

गाण्यातलं काय गेलं आणि काय उरलं, तेही तपासलं. स्वर उरला आहे. पूरिया मी पहिल्या गांधाराला ओळखला, ते खोटं नव्हतं. बोल गेले. झंकार गेला. जे बारीक, उंच, चमकणारं, ते आधी गेलं. मागांनी ते असं अलगद उचलून नेलं की मला चोरी झाल्याचं कळलं नाही, कारण जागा रिकामी दिसू नये म्हणून आठवण तिथे जाऊन बसली.

संध्याकाळी चंपतकडे गेलो. म्हटलं, "मलेही ऐकू येत नाही गा."

तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मग म्हणाला, "दिवाळी हाय. बस. चिवडा खा."

५ नोव्हेंबर, रविवार

मंडळ जमलं. आज मी भाषण केलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरची माणसं हातातलं काम टाकून, समोर येऊन उभी राहतात आणि मग बोलतात?

 आधी चंपतने हात वर केला. मग एकेक. शेवटी खोलीत एकही हात खाली नव्हता. माझाही वर होता.

एक जण म्हणाला, "मले वाटे, माह्या बायकोले तशी सवयच हाय."

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले. ते हसणं मला चांगलं ऐकू आलं.

भीतीची गोष्टही मी लपवली नाही. हे बोललो तर गिरणी आम्हाला नालायक ठरवून काढू शकते, मला सगळ्यांत आधी. पण नाही बोललो तर चंपत जाणार हे नक्की, आणि त्याच्या मागावर उद्या जो चांगल्या कानाचा माणूस येईल, तोही काही वर्षांनी असाच भिंत होणार. म्हणून मागणं असं ठरलं. कान गेले ते कामाने गेले. साऱ्या साळखात्याचे कान डॉक्टरकडून तपासावेत. ज्यांचे गेले त्यांना त्याच पगारात शांत खात्यात घ्यावं. आणि चंपतवरचा आरोप मागे घ्यावा. सगळ्यांनी होकार दिला. प्रयागबाई म्हणाली, "आता बोलले तुमी."

२० नोव्हेंबर, सोमवार

चौकशी झाली. गिरणीच्या ऑफिसातली खोली. टेबलामागे भैय्याजी, उजवीकडे गिरणीचा अधिकारी आणि गिरिधर, डावीकडे मी आणि चंपत.

मी उभा राहून सांगितलं की चंपतला ऐकू येत नाही आणि मलाही येत नाही.

गिरणीचा अधिकारी हसला. म्हणाला, "साहेब, हे नागपुरातले सर्वांत मोठे वक्ते आहेत. आत्तापर्यंत तुमच्या प्रत्येक प्रश्नाला यांनी बरोब्बर उत्तर दिलं. बहिरा माणूस असा असतो?"

माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. चांगलं, लांबलचक, पुस्तकांच्या आधारासकट. त्यातलं पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं. मग मला तो पडदा आठवला. मी उत्तर गिळलं.

म्हटलं, "मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. माझ्या पाठीमागे जे बोलायचं ते बोला, ज्या आवाजात गिरिधर बोलला असेल त्या आवाजात. मी वळलो तर चंपतला काढा आणि मलाही काढा."

भैय्याजींनी मान हलवली. मी खिडकीशी गेलो.

बाहेर सायकलस्टँडच्या पत्र्यावर दोन कबुतरं होती. एक दुसऱ्याभोवती गोल फिरत होतं. मागे काही चाललं आहे असं वाटत होतं, दूरच्या गाडीसारखी घरघर, पण शब्द नव्हते. आयुष्यात इतका वेळ मी कुणाच्या मधे बोललो नाही असं कधी झालं नसेल. मला विलक्षण मोकळं वाटलं. कबुतर अजून फिरतच होतं.

खांद्यावर हात पडला. भैय्याजी स्वतः उठून आले होते. ते माझ्यासमोर आले, गोपिका येते तसे, आणि मग सावकाश बोलले, "या. बसा."

खोलीत सगळ्यांचे चेहरे बदलले होते. गिरिधर जमिनीकडे पाहत होता. गिरणीचा अधिकारी कागद सारखे करत होता. भैय्याजींनी लिहून दिलं की आरोपीने हुकूम मोडला असं म्हणता येत नाही, कारण हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि साऱ्या खात्याच्या कानांची तपासणी व्हावी अशी त्यांची शिफारस आहे. शिफारस गिरणी मानेल की नाही ते नंतरचं. त्यासाठी भांडावं लागेल. पण चंपत उद्यापासून कामावर.

बाहेर आल्यावर चंपत हसू दाबत होता. तो माझ्या मागे बसला होता, त्याला सगळ्यांचे ओठ दिसत होते.

"काय बोलले रे ते?"

"सांगू काय? आधी नुसतं महादेवराव, महादेवराव केलं. मंग तो गिरणीवाला गिरिधरले म्हणे, असं काही बोल का हा वळलाच पायजे. मंग गिरिधर वरडला."

"काय?"

"म्हणे, महादेव मालकाचा माणूस हाय, मालकाकडून पाकीट घेते. दोनदा वरडला. वरून तुह्या बापाले शिव्या देल्ल्या." चंपत डोळे पुसायला लागला. "अन् तू कबुतर पाहून राहिला होता गा. भैय्याजी म्हणे, बस करा. हे आयकून महादेवराव गप राहिले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता पायजे?"

मी गिरिधरला उद्या गाठणार होतो. मग म्हटलं, जाऊ दे.

२६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरने तपासलं. कानांवर खोकी लावून बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. माझं बोट बऱ्याचदा खालीच राहिलं. गेलेलं परत येत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं, माझ्या समोर तोंड करून. पुढच्या महिन्यापासून मी घडीखात्यात. तिथे कापडाच्या घड्या होतात, आवाज नाही. पगाराचं भांडण चालू आहे. ते जिंकू.

भैय्याजींची चिठ्ठी आली. सभेच्या पुढच्या बैठकीला मंडळाला जागा राखून ठेवली आहे. पहिली रांग, जिथून गवयाचे ओठ दिसतील. मी यात दया आहे का ते शोधत होतो. गोपिका म्हणाली, "शोधू नोका. जाऊ आपण."

दुपारी खोलीत दोघंच होतो. मी तिला म्हटलं, तंबोरा घे. ती बसली. मी म्हटलं, मी डोळे मिटतो. तू थांबलीस की माझ्या गुडघ्याला हात लाव. मला पाहायचं आहे, तुझा किती आणि माझा किती.

तिने छेडायला सुरुवात केली. मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं, नुसती एक जाडसर धून. मग हळूहळू षड्ज उभा राहिला. मग त्याच्यातून तो न छेडलेला गांधार वर आला. मग जवारी, सगळी, वीसेक वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकली होती तशी. मी वाट पाहत होतो. गुडघ्याला हात लागला नाही.

मेथीच्या फोडणीचा वास आला तेव्हा मी डोळे उघडले. तंबोरा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. गोपिका चुलीशी होती.

"सांगितलं नाहीस थांबलीस ते?"

तिने पळी खाली ठेवली, उठली, माझ्या समोर आली.

"तुमचा चालू होता नं," ती म्हणाली. "मधातच कायले तोडू?"